खांब कुठे गेला? : जुनी छापचित्रं हातात धरून कोलकाता

टॉमस डॅनिअल हा इंग्रज चित्रकार १७८६ साली पुतण्याला घेऊन कलकत्त्यात पोचला. पुतण्या विल्यम तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. पुढच्या दोन वर्षांत दोघांनी त्या शहराची बारा छापचित्रं काढली. तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने खोदायचं, छापायचं आणि मग हाताने रंगवायचं. सगळं काम कलकत्त्यातच, स्थानिक कारागिरांना हाताशी धरून. संच पुरा झाल्यावर टॉमसने मित्राला वैतागून कळवलं की चित्रकार, कोरणारा, तांबट, छापणारा आणि छापखान्यातला पोऱ्या अशी सगळी कामं मलाच करावी लागली.

काका-पुतण्या म्हटलं की आपल्याला आधी शनिवारवाडाच आठवतो, पण ही जोडी पुढे वर्षानुवर्षं एकत्र काम करत राहिली. आमचीही जोडी तशीच. माझे काका नगरपालिकेच्या नकाशा विभागातून निवृत्त झालेत. इमारतीचं चित्र दाखवलं की ते आधी खिडक्या मोजतात. डॅनिअलच्या आणि त्यानंतर आलेल्या जेम्स बेली फ्रेझरच्या चित्रांच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि जानेवारीच्या शेवटी आम्ही निघालो. चित्रातली जागा आज कुठे आहे आणि तिथे आता काय आहे, एवढंच बघायचं होतं.

शनिवार : नदीखालून शहरात

गाडी हावड्याला उशिरा पोचली, त्यावर जास्त काही लिहिण्यासारखं नाही. स्टेशनातूनच मेट्रो घेतली. हुगळीच्या तळाखालचा ५२० मीटरचा टप्पा गाडी पाऊण मिनिटात पार करते. बोगद्यात निळे दिवे लागतात, पोरंटोरं काचेला नाक लावतात, आणि दिवे संपले की नदी मागे पडलेली असते.

वर एस्प्लनेडला आल्यावर काका म्हणाले, "नदी न बघताच शहरात आलो की रे." डॅनिअलच्या काळात हे शक्यच नव्हतं. येणारा प्रत्येक परदेशी माणूस जहाजातून यायचा आणि त्याला शहर आधी पाण्यावरून दिसायचं. म्हणून त्या काळच्या चित्रसंचांत घाट, डोलकाठ्या आणि काठावरच्या पांढऱ्या इमारती इतक्या भेटतात.

राहिलेली नदी बघायला संध्याकाळी प्रिन्सेप घाटावर गेलो. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचं हे स्मारक. हा माणूस स्वतःही उत्तम चित्रं काढायचा. त्याने काढलेल्या बनारसच्या घाटांचे आणि गल्ल्यांचे शिळाछाप १८३०च्या दशकात निघाले. १८४३ साली स्मारक बांधलं तेव्हा ते पाण्याला लागून होतं. आज मध्ये भराव टाकलेली जमीन आहे, रस्ता आहे, सर्क्युलर रेल्वेचे रूळ आहेत, आणि डोक्यावर १९९२ सालचा विद्यासागर सेतू. घाट म्हणायचा तर पाणी कुठेय, असं विचारावं लागतं. आम्ही झालमुरीचे (तिखट चुरमुऱ्यांचे) ठोंगे, म्हणजे कागदी पुड्या, घेऊन रूळ ओलांडले तेव्हा कुठे नदी दिसली. मुरीत मोहरीचं कच्चं तेल होतं. काकांचा चेहरा पहिल्या घासाला वाकडा झाला, पण नंतर त्यांनी माझाही ठोंगा संपवला.

रविवार : लाल दिघी

बिनय-बादल-दिनेश बाग, म्हणजे जुना डलहौसी स्क्वेअर, रविवारी सकाळीच बघावा. इतर दिवशी बस, मिनीबस आणि कचेऱ्यांची गर्दी तुम्हाला मान वर करू देत नाही. रविवारचा आणखी एक फायदा आहे. जवळच्या टिरेटा बाजारात पहाटे चिनी न्याहारी मिळते. वाफाळलेले बाव, माशांच्या गोळ्यांचं सूप, मोमो. आठच्या आत सगळं आवरतं, तेव्हा उशीर करू नका. ज्याच्या नावाने हा बाजार आहे तो एडवर्ड टिरेटा मूळचा व्हेनिसकडचा. तो कंपनीच्या कलकत्त्यात रस्ते आणि इमारतींचा अधीक्षक होता. म्हणजे डॅनिअलने जे रस्ते चितारले त्यांची देखरेख या गृहस्थाकडे.

लाल दिघी या चौकातल्या तळ्यापाशी पोचलो तेव्हा धुकं उतरलेलं नव्हतं. पिशवीतून पहिलं चित्र काढलं : जुनं कोर्ट हाऊस आणि राइटर्स बिल्डिंग. डॅनिअलची राइटर्स बिल्डिंग लांबलचक आणि अगदी साधी आहे. कंपनीच्या तरुण कारकुनांची ती निवासस्थानं. समोरच्या लाल विटांच्या इमारतीला मोठे खांब आहेत, कमानी आहेत, वर मिनर्व्हा आणि इतर पुतळे आहेत. हा साज एकोणिसाव्या शतकात चढला, त्यातला बराचसा १८८०च्या आसपास. आत मूळ इमारत आहेच. राज्य सरकारने २०१३ साली दुरुस्तीसाठी आपली कचेरी नदीपलीकडे नबान्नमध्ये नेली.

काकांनी खिडक्या मोजायला घेतल्या आणि अर्ध्यात सोडून दिल्या. "इमारतीचं जाऊ दे," ते म्हणाले. "हा उभा कुठे होता ते सांग."

खरी गोष्ट तिथेच आहे. डॅनिअलच्या चित्रात आकाश अर्ध्याहून जास्त जागा खातं. रस्ता मैदानासारखा रुंद, त्यात एखादी पालखी, एखादी गाडी, सावलीत बसलेले चार लोक. चित्रात ज्या अंतरावरून अख्खी इमारत एका नजरेत मावते, तिथे उभं राहायला गेलो तर मध्ये मिनीबसचा थांबा, झाडं आणि टपऱ्या येतात. नव्या इमारती उभ्या राहिल्या हे आपल्याला माहीतच असतं. इमारतीकडे लांबून बघण्याची सोय नाहीशी झाली, हे मात्र चित्र हातात असल्याशिवाय लक्षात येत नाही. अर्थात डॅनिअलच्या काळीही रस्ते इतके रिकामे असतील यावर माझा विश्वास नाही. कलकत्त्यातल्या साहेबांना विकायची चित्रं होती. त्यांना आपलं शहर टापटीप आणि ऐसपैस दिसायला हवं होतं.

कोर्ट हाऊस १७९२ साली पाडलं. त्याच कोपऱ्यावर आज सेंट अँड्र्यूजचं स्कॉटिश चर्च आहे, ते १८१८ साली उघडलं. फ्रेझरची चौवीस चित्रं १८२४ ते १८२६ या काळात लंडनला प्रसिद्ध झाली, त्यांत हे चर्च आहे. आम्ही दोन्ही चित्रं शेजारी धरली. एकच चौक, मध्ये साधारण चाळीस वर्षं. एकात कोर्ट हाऊसची लांब दर्शनी बाजू, दुसऱ्यात उंच निमुळता मनोरा. फ्रेझरकडे रस्त्यावर माणसं जास्त आहेत, धूळ आहे, ऊन खरं वाटतं. मला तो जास्त आवडतो. काकांना डॅनिअल, कारण "त्याचं पर्स्पेक्टिव्ह चुकत नाही."

मग खांबाचा शोध. जुन्या चित्रांत राइटर्स बिल्डिंगच्या पुढ्यात एक चौकोनी निमुळता स्तंभ दिसतो. १७५६ साली 'ब्लॅक होल'मध्ये, म्हणजे जुन्या किल्ल्यातल्या कोंदट कोठडीत, मेलेल्या कैद्यांसाठी त्यातून वाचलेल्या हॉलवेलने उभारलेला. तो १८२१ साली पाडला. कर्झनने १९०२ साली त्याची संगमरवरी प्रतिकृती परत आणून ठेवली. १९४० साली सुभाषबाबूंनी त्याविरुद्ध आंदोलन उभारलं, तेव्हा सरकारला तो खांब उचलून सेंट जॉन्स चर्चच्या आवारात न्यावा लागला. आज तो तिथे झाडांच्या आड उभा आहे. म्हणजे चित्रातला खांब गेला, त्याची नक्कल आली आणि तीही चालत चालत दुसरीकडे गेली. तिथल्या माळ्याला विचारलं तर त्याने आधी शहराचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या जॉब चार्नॉकची कबर दाखवली, मग एका बड्या बाईंची कबर, आणि "तो खांब ना, तो तिकडे मागे" असं शेवटी.

सेंट जॉन्स १७८७ सालचं. डॅनिअलच्या संचात ते अगदी नवंकोरं दिसतं. चित्रातली इमारत जवळपास तशीच समोर सापडली अशी रविवारी ही एकच.

थोडं उपयोगाचं : राइटर्स बिल्डिंग आणि राजभवनाच्या (आता लोकभवन) फाटकांपाशी कॅमेरा काढला की पोलीस हटकतात. आमच्या हातातली जुनी चित्रं बघून मात्र एक हवालदार स्वतःच जवळ आला आणि "ये कहाँ का है?" म्हणून विचारू लागला. त्याची रोजची ड्यूटी त्या इमारतीसमोर. त्याला मिनर्व्हाशिवायची राइटर्स बिल्डिंग पटेचना. जीपीओच्या पायऱ्यांवर पितळी रेघ शोधायला विसरू नका. जुन्या फोर्ट विल्यमची भिंत कुठून जात होती ते ती दाखवते. जीपीओपासून चौकाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेलात तर १८३३ सालची करन्सी बिल्डिंग लागेल. १९९०च्या दशकात तिची पाडापाडी सुरू झाली होती, ती अर्ध्यावर थांबवली. मधल्या दालनावरचे घुमट गेले, तिथे आता उघडं आकाश आहे.

सोमवार : चितपूर रोड

सोमवारी संग्रहालयं बंद, म्हणून चितपूर. आता त्याचं नाव रवींद्र सरणी. शहराहूनही जुना मानला जाणारा हा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे. ट्राम आता इथून धावत नाही, भरवसा पायांवरच ठेवा.

डॅनिअल आणि फ्रेझर या दोघांनीही इथलं 'काळं देऊळ' चितारलं. गोविंदराम मित्राने १७३०च्या सुमाराला बांधलेलं नवरत्न मंदिर. नऊ शिखरांचं आणि इतकं उंच की जहाजावरच्या लोकांना लांबून दिसायचं, असं म्हणतात. मोठं शिखर केव्हाच कोसळलं. कुमारटुलीजवळ, सिद्धेश्वरी कालीच्या देवळापाशी उरलेला भाग आहे. आजूबाजूला घरं इतकी दाटली आहेत की आम्ही त्याच्यावरून पुढे निघून गेलो असतो. सरस्वतीची मूर्ती रंगवत बसलेल्या एका कारागिराने ब्रशनेच दिशा दाखवली.

पण चितपूरला येण्याचं आणखी एक कारण होतं. डॅनिअलसारखे लोक शहर बाहेरून बघत होते. इथल्या गल्ल्यांत, बटतला नावाच्या भागात, एकोणिसाव्या शतकात बंगाली छापखाने होते आणि लाकडी ठसे कोरणारे कारागीर होते. १८१६ साली गंगाकिशोर भट्टाचार्याने काढलेलं 'अन्नदामंगल' हे पहिलं सचित्र बंगाली पुस्तक. त्यात रामचंद रायने कोरलेली चित्रं होती. पुढे नृत्यलाल दत्त, रामधन स्वर्णकार अशा मंडळींनी देवादिकांची मोठी सुटी चित्रं छापली. यांनी रस्ता, चौक, सरकारी कचेरी असं काही मुद्दाम चितारलं नाही. पण त्यांच्या दुर्गा आणि कृष्ण कुठे बसलेत ते बघा. विलायती धर्तीचे खांब, वर कमान, बाजूला पडदे. बाबू लोकांच्या, म्हणजे शहरातल्या नवश्रीमंतांच्या, नव्या हवेल्या तशाच होत्या. देवाला नव्या घरात राहायला नेऊन या कोरक्यांनी बदलत्या शहराची नोंद केली, तीही ज्या भावात गरिबाला घेता येईल त्या भावात. शतकाच्या शेवटी रंगीत शिळाछाप आले आणि लाकडाचा ठसा मागे पडला.

ते कसब पुरतं गेलेलं नाही. नूतन बाजारात संदेश या छेन्याच्या मिठाईचे लाकडी साचे विकणारी दुकानं आहेत. मासा, शंख, फूल आणि बंगाली अक्षरं. एक म्हातारे गृहस्थ साच्यात अक्षरं कोरत होते, अर्थातच उलटी. काकांनी विचारलं, "आधी कागदावर काढून उलटं बघता का?" ते हसले. आता सुलटंच वाचायला त्रास होतो, म्हणाले. तांब्याच्या पत्र्यावरचं शहरही असंच उजव्याचं डावं करून कोरावं लागतं, नाहीतर छापल्यावर राइटर्स बिल्डिंग रस्त्याच्या भलत्या बाजूला जायची. आम्ही शंखाचा साचा घेतला. घासाघीस करायची हिंमत झाली नाही.

इथे जानेवारीत याल तर नोलेन गुडाचा संदेश चुकवू नका. खजुरीच्या रसाचा हा गूळ थंडीतच मिळतो. सकाळी कचोरी, पातळ बटाट्याची भाजी आणि वर हा संदेश. दुपारच्या जेवणाची गरज उरत नाही.

संध्याकाळी बागबाजारात 'मराठा डिच लेन' अशी पाटी दिसली आणि काका तिच्याखाली उभे राहून फोटो काढून घेऊ लागले. १७४२ साली रघूजी भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. स्वार काही तिथवर आले नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि १७९९ साली बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. बंगालच्या गावांनी मात्र बर्गींचा, म्हणजे या मराठा स्वारांचा, मार खाल्ला होता, अंगाईगीतांत त्यांची भीती आजही आहे. चहावाल्याने "कुठून आलात?" विचारलं. "महाराष्ट्र," काका जरा हळूच म्हणाले. तो मोठ्याने हसला आणि गल्ल्यात हात ठेवून म्हणाला, चौथाई नाही मिळणार.

मंगळवार : व्हिक्टोरिया आणि एक झिंकचा पत्रा

व्हिक्टोरिया मेमोरियलकडे डॅनिअल काका-पुतण्यांच्या कामाचा फार मोठा संग्रह आहे. सगळं एका वेळी मांडलेलं नसतं, त्यामुळे ठरावीक चित्रासाठी येणार असाल तर आधी चौकशी करा. सकाळी दार उघडतानाच जा. नंतर शाळांच्या सहली येतात.

दुपारी एका ओळखीतून उत्तर कोलकात्यातल्या छापचित्रकार बाईंच्या कामाच्या जागी गेलो. जुन्या वाड्याचा तळमजला, कोपऱ्यात हाताने फिरवायचा एचिंग प्रेस, दारात तेजाबाचा वास. डॅनिअलने आकाशाच्या त्या मऊ छटा कशा आणल्या, हे काकांना प्रत्यक्ष बघायचं होतं. बाईंनी राळेची बारीक पूड पत्र्यावर बसू दिली आणि खालून ऊब दिली. दाणे वितळून चिकटले. मग तेजाब. तो दाण्यांच्या मधली जागा खातो. थोडा वेळ ठेवला तर फिका राखाडी, जास्त ठेवला तर काळा. जिथे फिकं राखायचं तिथे वॉर्निश लावून झाकायचं आणि पत्रा पुन्हा बुडवायचा. याला ॲक्वाटिंट म्हणतात. रेघेऐवजी छटा देणारी ही पद्धत डॅनिअल इथे आला तेव्हा इंग्लंडातही नवीच होती. छपाईत ओला कागद आणि फेल्ट घालून चाक फिरवलं, कागद उचलला, आणि काका एकदम गप्प झाले.

मग बाईंनी त्यांचं स्वतःचं काम काढलं. समोरच्या गल्लीतलं एक जुनं घर, हिरव्या झिलमिली, लोखंडी कठड्याची गॅलरी, पुढे बसायचा ओटा. बिल्डरने (इथे त्याला प्रमोटर म्हणतात) ते घर घेतलं आणि टप्प्याटप्प्याने पाडलं. बाईंनी दरवेळी नवा पत्रा घेतला नाही. त्याच पत्र्यावरची गॅलरी स्क्रेपरने खरवडली, घासून गुळगुळीत केली, तिथे उघड्या विटा कोरल्या आणि प्रती काढल्या. पुढे विटा घासून बांबूची परांची, मग खांबांचा सांगाडा, शेवटी पाच मजल्यांची इमारत. प्रत्येक टप्प्याच्या मोजक्याच प्रती. आधीची अवस्था आता परत छापता येणार नाही, कारण पत्र्यावर ती उरलेलीच नाही.

शेवटच्या छापात नव्या इमारतीच्या काचेवर कठड्याची जाळी अंधूक दिसते.

"पुरतं घासून का टाकलं नाही?" काकांनी विचारलं.

"काकाबाबू, घासता येतं," त्या हिंदीत म्हणाल्या, "पण जितकं खोल खरवडाल तितका पत्रा तिथे खोलगट होतो. मग त्या खळग्यातच शाई साचते. रेघ नाही राहिली तर डाग राहतो."

सकाळी बघितलेली भव्य चित्रं मला या छोट्या झिंकच्या पत्र्यापुढे जरा कमी वाटली. डॅनिअल आणि फ्रेझर यांनी एकेक क्षण थांबवून ठेवला. मधली चाळीस वर्षं आपण दोन चित्रं शेजारी ठेवून कल्पनेने भरायची. इथे पाडापाडी त्या वस्तूच्या अंगावरच झाली होती. काका म्हणाले की नगरपालिकेत आम्ही ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडून दुरुस्त्या करायचो, तेव्हाही जुनी भिंत उजेडात धरली की दिसायची. पुढचा तासभर ते दोघं ब्लेड आणि स्क्रेपर या विषयावर बोलत होते. मी मुरीचा आणखी एक ठोंगा आणायला गेलो.

अशा कामाच्या जागी जायचं तर आधी विचारून जा, छाप न घेता निघालात तरी चालेल, पण पत्र्याला बोट लावू नका.

बुधवार : श्रीरामपूर

परतीची गाडी रात्री होती, म्हणून हावड्याहून लोकलने श्रीरामपूरला गेलो. १८०० साली इथे मिशनचा छापखाना सुरू झाला. पंचानन कर्मकाराने त्याच्यासाठी अक्षरांचे ठसे पाडले. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली इथून निघालं आणि १८१०चा मराठी कोश तर मोडी ठशांत. मदतीला नागपूरकडचे वैजनाथ पंडित होते. मुंबईत मराठी छपाईने बाळसं धरण्याआधीची ही गोष्ट.

गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. सेंट ओलाव्ह चर्च आणि नदीकाठची डॅनिश टॅव्हर्न ही दोन्ही पडायला आली होती, ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मदतीने सावरली. टॅव्हर्न १७८६ सालची, म्हणजे डॅनिअल आला त्याच वर्षाची. आज तिथे कॅफे आहे. माशाचे कटलेट उत्तम, नदीकडच्या टेबलासाठी थांबावं लागतं. भिंती पांढऱ्याशुभ्र, खांब सरळ, पुढे हिरवळ, माणूस दिसेना.

मला ती जरा जास्तच नवी वाटली, तसं मी काकांना बोलून दाखवलं. त्यांनी कटलेट संपवलं, उठून रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून अख्खी इमारत एका नजरेत मावते का ते बघून आले.

"मावते," ते म्हणाले. "डॅनिअलला आवडली असती. त्यालाही माणसं कमीच लागायची."